बाळंतिणीच्या खोलीतली झडती

अण्णा,

चाकणचा बाजार उठला की आई पाटी घेऊन निघायची आणि आपण दोघं तिच्या मागं. व्यापाऱ्यांच्या गाड्या कांदा भरून गेलेल्या असायच्या. जमिनीवर उरायचा तो पिचलेला, कोंब फुटलेला, बैलांच्या पायाखाली सापडलेला. तो आपला. वडील गेल्यावर आपल्या घरात डाळ शिजली ती फक्त सणाला. एरवी भाकरी आणि तो कांदा. शाळेत मास्तर मला सगळ्यांच्या मागं बसवायचे, कारण माझ्या अंगाला वास यायचा. तू चौथीनंतर शाळा सोडलीस आणि त्याच बाजारात पाठीवर पोती घ्यायला लागलास. पोतं तुझ्यापेक्षा मोठं दिसायचं. लांबून बघितलं तर पोत्यालाच पाय फुटलेत असं वाटायचं, आणि आई तिकडं बघायचं टाळायची.

हे आधी लिहितोय याला कारण आहे. तुझ्या दहाव्याला घाटावर आपलेच एक लांबचे मामा माझ्याजवळ सरकले. कावळा शिवायची वाट बघत सगळे उभे होते. मामा हळूच म्हणाले, "माणूस सोन्यासारखा होता रे. पण ते दारूपायी सगळं गेलं."

मी तिथून बाजूला झालो. आई शेजारी उभी होती. पण घरी आलो आणि लिहायला बसलो. मी बी.ए., एलएल.बी. आहे. आपल्या घराण्यात माझ्याआधी कुणी सातवीसुद्धा पास झालेलं नाही. ही पदवी तुझ्या पाठीवरून आली, आणि ती हातात असताना तुझ्या नावाला चिकटलेला हा एक शब्द मला खरवडून काढता येत नसेल, तर ती चुलीत घालण्याच्या लायकीची आहे.

पिंपरीत नवा कारखाना उभा राहायला लागला तेव्हा तू तिथं घमेली उचलायला गेलास. भिंती झाल्या, यंत्रं आली, आणि तुला गोदामात मदतनीस म्हणून ठेवून घेतलं. त्या दिवशी तू मला भेटायला पुण्याला वसतिगृहावर आला होतास. नवीन खाकी सदरा घातला होतास, त्याच्या घड्याही मोडलेल्या नव्हत्या. म्हणालास, "आता पाठ मोकळी झाली बघ. आता नुसतं उभं ऱ्हायाचं आन सामान मोजून द्यायचं." मग मला खानावळीत नेऊन तू एकट्याने सहा पोळ्या खाल्ल्यास आणि वाढप्याला म्हणालास, "राव, हा माझा भाऊ. वकील हुनार हाय. त्याला तूप वाढ." मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आज ते तूप आठवतं.

गोदामातले पितळी कॉक चोरीला गेले. मोठे, हातभर लांबीचे, नळावर बसवायचे. संशय गोदामातल्या सगळ्यांवर, म्हणून सगळ्यांच्या घरांचं वॉरंट निघालं. त्यात तुझी पिंपरी गावातली खोली. खोली म्हणजे पुढं ओटा, आत स्वयंपाकाची जागा, आणि त्याच्या मागं अंधारी आतली खोली. त्या आतल्या खोलीत वहिनी बाळंतीण होती. आदल्याच दिवशी पाचवी पुजली होती. दुपारी फौजदार आला, बरोबर शिपाई आणि दोन पंच. मी तेव्हा पुण्यात होतो, माझी सनद नुकतीच हातात आली होती. पण हे सगळं मी तुझ्या तोंडून, वहिनीच्या तोंडून आणि आईच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की मीच ओट्यावर उभा होतो असं मला वाटतं.

फौजदार म्हणाला, "वॉरंट आहे. पितळी कॉक बघायचेत. आधी आमची अंगझडती घे, मग आम्ही आत जातो."

घरात शिरण्याआधी पोलिसांनी आपले खिसे घरधन्याला तपासू द्यायचे, ही रीत आहे. आत काही नेऊन ठेवलं असा आरोप नको, म्हणून. तू हात जोडलेस. "ऱ्हाऊ द्या साहेब, दारात आल्याल्या माणसाचं खिसं कुठं चाचपायचं?" आणि तू त्यांना पाणी दिलंस. गुळाचा खडाही दिलास, असं आई सांगते. त्यांनी तो खाल्ला.

मग तू म्हणालास, "समदं बघा. फक्त आत बाळंतीण हाय. कालच पाचवी झाली."

"मग आम्ही काय पाळणा म्हणायला आलोय का?" असं म्हणून फौजदार आत गेला.

आई आतल्या खोलीच्या दारात आडवी उभी राहिली. त्याने तिला दंडाला धरून बाजूला केलं. बाजेखाली शेगडी होती, ती शिपायाने पायानं सरकवली. वहिनीला उठ म्हणाले. ती भिंतीला धरून उभी राहिली, पोरीला छातीशी धरून. परक्या पुरुषांसमोर, त्या अवस्थेत. गादी उलटली, उशी उलटली. उशीशी बाळगुटीचा डबा होता, वितीपेक्षा लहान. तो उघडला. त्यात जायफळ, वेखंड, सहाण, आणि एक छोटी बाटली. अर्धी ब्रँडी.

पितळ सापडलं नाही. ते कॉक पुढंही कधी कुठं सापडले नाहीत. पण दारूबंदी होती, परवाना नव्हता, आणि रिकाम्या हातानं परत जायचं फौजदाराच्या जिवावर आलं असावं. तुला दंडाला दोरी बांधून गावातून चौकीवर नेलं. तुझ्या अंगावर तोच खाकी सदरा होता.

मी चौकीवर पोचलो तेव्हा तू बाकावर बसला होतास. मी पहिलं वाक्य बोललो ते असं, "काही बोलू नकोस. बाटली कुणाची ते तुला माहीत नाही."

"माहीत न्हाई कसं? माझीच हाय," तू म्हणालास. "तुझी वहिनी गार पडली व्हती, दत्तू. हातपाय बर्फासारखं. सुईण म्हनली चमचाभर दे, न्हाईतर जाईल. मी एका डायवरकडनं आनली. दिली. ती वाचली. आता न्हाई कशी म्हनू?"

"हळू बोल!"

"हळूच बोलतोय. तूच वरडतोयस."

आता तू गेलास, आता हे उघड लिहायला हरकत नाही. बाटली तुझी होती. त्यातला एक थेंब तुझ्या घशात गेला नाही. मामांना हवं असेल तर त्यांनी हे दोनदा वाचावं.

खटल्याची तारीख लागेपर्यंत आपण दोघं भांडत होतो. तुझं म्हणणं सरळ होतं. कबूल करतो, साहेब जी शिक्षा देतील ती भोगतो, आणि मोकळा होतो. माझं म्हणणं होतं की कबूल केलंस तर नोकरी गेली. शाबीत करायचं काम त्यांचं आहे, त्यांना करू दे. मग तू विचारलंस, "ते पितळ शोधायला आल्ते ना? वॉरंट पितळाचं. मग बाटली त्यांची कशी झाली?"

मी तुला कायदा समजावला. पितळ शोधताना दुसरं काही बेकायदा दिसलं तर पोलिसाने डोळे झाकून घ्यावेत असं कायदा म्हणत नाही. झडती वेडीवाकडी झाली म्हणून सापडलेली वस्तू हवेत विरून जात नाही. ती कोर्टासमोर येते. फक्त मग कोर्ट पोलिसांचं म्हणणं जास्त बारकाईने तपासतं.

 तू म्हणालास, "म्हंजी घरात शिरायचा नेम मोडला तरी चालतंय, सापडलं म्हंजी झालं. मग नेम लिवलाय कशाला? भिंतीवर लावायला?"

मी चिडलो.  

कोर्टात मी तुझा वकील होतो. माझा पहिला खटला. काळा कोट एका वर्गमित्राचा होता, बाह्या आखूड. पहिला पंच उभा राहिला, आकुर्डीच्या रस्त्यावर चौकीसमोर हॉटेल चालवणारा. मी विचारलं, झडतीच्या वेळी तुम्ही कुठं होता?

"तिथंच व्हतो."

"तिथंच म्हणजे?"

"वट्यावर."

"आत का नाही गेलात?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की याला कुणी वकील केलं. "अवो वकीलसाहेब, आत बाळंतीण व्हती. परक्या बाप्यानं आत जायचं व्हय? माझ्या बायकूनं मला पुन्हा घरात घेतलं नसतं."

लोक हसले. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी टेबलावर पेन्सिल आपटली.

"मग बाटली कुठून निघाली हे तुम्ही पाहिलं?"

"फौजदारसाहेबांनी भाईर आनून दावली की."

"आतून निघताना नाही पाहिली."

"भिंतीतनं कसं दिसंल?"

"पंचनाम्यात लिहिलंय, आमच्या समक्ष उशीजवळच्या डब्यातून. खाली तुमची सही आहे."

"लिवल्यालं व्हतं, मी सही केली. नेहमी करतो. चौकीसमोर धंदा हाय माझा. बोलावलं आन न्हाई गेलो तर चहा कुनाला विकू?"

दुसरा पंच त्याच हॉटेलात कपबश्या विसळणारा. त्याने मालक म्हणाला तेच सांगितलं. दोघंही पिंपरीचे नव्हते. कायदा म्हणतो पंच त्याच वस्तीतले प्रतिष्ठित हवेत, घरात शिरताना आणि वस्तू निघताना हजर हवेत. हे दोघं ओट्यावर उभे राहून गूळ खात होते. पण त्यांना बाळंतिणीच्या खोलीची लाज होती, आणि ज्याच्या टोपीवर सरकारचा बिल्ला होता त्याला नव्हती. माझा खटला त्या लाजेवर उभा राहिला, माझ्या पदवीवर नाही. हे मला तेव्हाच कळलं होतं.

सरकारी वकील उठले. "पितळ शोधताना ब्रँडी सापडली तर पोलिसांनी डोळे मिटून घ्यावेत असं माझ्या तरुण मित्राचं म्हणणं आहे का?"

मी म्हणालो, "मिटू नयेत. उघडून बघावं की हातभर लांबीचा कॉक वितीच्या डब्यात मावतो का. ज्यात हवी ती वस्तू मावतच नाही, तो डबा उघडताना साहेब नेमकं काय शोधत होते?"

मला फार बरं वाटलं होतं ते बोलून. तुझ्याकडे वळून पाहिलं. तू माझ्याकडे बघतच नव्हतास. तू फौजदाराकडे बघत होतास.

मग मॅजिस्ट्रेटसाहेबांनी तुला विचारलं, "आरोपी, तुला काही सांगायचं आहे?"

मी तुला पढवलं होतं. "मला काही सांगायचं नाही" एवढंच म्हणायचं. आदल्या दिवशी तुझ्याकडून म्हणवूनही घेतलं होतं. तू पिंजऱ्यात उभा राहिलास, आणि घसा साफ केलास. घसा साफ करणारा माणूस एका वाक्यात थांबत नाही.

तू म्हणालास, "बाटली कुनाची ते मी सांगत न्हाई, साहेब. वकिलानं नको म्हणून सांगितलंय. पर बाळंतिणीला बाजंवरनं उठवायचा हुकूम कुनी दिला व्हता, तेवढं या साहेबांना इचारा."

कोर्टात कुणी हसलं नाही. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी लिहिता लिहिता मान वर केली, फौजदाराकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली घातली. विचारलं मात्र नाही. तो मुद्दा खटल्यात नव्हता.

तू सुटलास. पंचांनी काही पाहिलं नाही, झडती नीट झाली नाही, एकट्या फौजदाराच्या शब्दावर शिक्षा देता येत नाही, सबब आरोपीस संशयाचा फायदा. मी निकाल तुला मराठीत करून सांगितला. कोर्टाबाहेर लिंबाखाली आपण उभे होतो. मला वाटलं तू मला मिठी मारशील.

"संशयाचा फायदा म्हंजी?" तू विचारलंस.

"म्हणजे सुटलास."

"ते कळलं. संशयाचा म्हंजी? संशय हायच की मग."

"अरे, ती भाषा असते कोर्टाची."

"आन तिला उठवली त्याचं काय लिवलंय?"

"त्याचं काही लिहिलेलं नाही."

"एक वळ?"

"एक ओळही नाही, अण्णा. त्याचा संबंध नव्हता."

"त्याचाच संबंध व्हता," तू म्हणालास आणि चालायला लागलास.

हे आपलं भांडण तिथं सुरू झालं आणि संपलंच नाही. जेवताना, बसस्टॉपवर, आजारपणात, तू मधेच म्हणायचास, "एक वळ लिवाय हवी व्हती." मी म्हणायचो, निकाल म्हणजे कीर्तन नव्हे. मला अजून वाटतं की वकील म्हणून मी बरोबर होतो. तुझ्या प्रश्नाने खटला जिंकला नसता. पण खटला जिंकून जे आपल्याला मिळालं, ते बघ.

कारखान्यात तू निकालाची नक्कल घेऊन गेलास. गोदामाच्या साहेबाने ती वाचली, परत दिली आणि म्हणाला, "सुटलास ते चांगलंच झालं. पण गोदामात विश्वासाचा माणूस लागतो." झालं. चोरी शाबीत नाही, चोरीचा माल सापडला नाही, दारूच्या खटल्यातून निर्दोष. आणि गावभर नाव काय? दारुड्या. लोकांनी निकाल वाचला नव्हता. लोकांनी तुला दोरी बांधून नेताना पाहिलं होतं.

तू परत चाकणच्या बाजारात गेलास, पाठीवर पोतं घ्यायला. मी पिंपरीत बिऱ्हाड केलं, आणि वहिनी आणि पोर तिथंच राहिली, माझ्याजवळ. तू येऊन जाऊन असायचास. मी म्हणायचो, आता मी कमावतो, तू बस. तू म्हणायचास, "बसून मला पाद येतात." त्यावर वहिनी तोंडाला पदर लावून हसायची. तू गेल्यापासून ती हसलेली नाही.

शेवटी तुझं छातीचं दुखणं बळावलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, थोडी ब्रँडी चालेल, मी परवान्यासाठी सर्टिफिकेट लिहून देतो. तू इतका हसलास की खोकला आवरेना. "आता सरकारच पाज म्हनतंय व्हय? दत्तू, त्या फौजदाराला बोलीव. म्हनावं, ये, बघ, डब्यात ठिवलीय." परवाना काढू दिला नाहीस. मी भांडलो. तेही भांडण अर्धंच राहिलं.

आता तुला न सांगितलेलं सांगतो. निकालानंतर मी पोलिसांच्या वरच्या साहेबांकडे अर्ज केला. कोर्टाने लिहिली नाही ती ओळ मी लिहिली. वॉरंट पितळाचं असताना बाळंतिणीला उठवून तिची उशी का तपासली, आणि तिला आधी बाजूला व्हायला वेळ का दिला नाही? उत्तर आलं नाही. पुन्हा केला. पुन्हा नाही. मी करत राहिलो. तुला सांगितलं नाही, कारण तू म्हणाला असतास, "बघ, तुलाबी तेच टोचतंय." आणि मला ते तुझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं. पुढं त्या फौजदाराची बदली झाली. माझ्या अर्जांमुळे की अशीच, देव जाणे. मी ते श्रेय घेत नाही.

पण आळीत मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. पोलीस दारात आले तर घाबरायचं नाही, अडवायचंही नाही. वॉरंट दाखवा म्हणायचं, शेजारचे पंच घ्या म्हणायचं, घरातल्या बायका आधी बाहेर येऊ द्या म्हणायचं, आणि मला हाक मारायची. लोक हसायचे. म्हणायचे, वकिलाला भावाचं खटकलंय अजून. खटकलं होतंच.

हे पत्र अर्धं असतानाच तुझ्या तेराव्याचं उरकलं आणि दोनच दिवसांनी आपल्या समोरच्या खोलीत झडती आली. बीडकडचं बिऱ्हाड आहे. चोरलेली तांब्याची तार शोधत होते. त्या घरातली म्हातारी दारात उभी राहून ओरडली, "आधी वकिलाच्या पोराला बोलवा हो!" वकिलाचं पोर म्हणजे मीच. तिला अजून वाटतं आपले वडील वकील होते. मी गेलो. नवा फौजदार तरुण होता, वैतागलेला होता. म्हणाला, "तुम्ही अडथळा आणताय का?"

"अजिबात नाही. वॉरंट वाचा, आळीतले पंच घ्या, आत बाया आहेत त्यांना येऊ द्या. मग खुशाल बघा."

"बाया काय तार घेऊन पळणारेत का?"

"तार त्यांच्या अंगावर असेल असं वाटत असेल तर झडतीला बाई बोलवा. तुम्ही हात लावायचा नाही."

 त्याने वॉरंट काढलं आणि मोठ्यांदा वाचलं. आळीतले सुतारकाका आणि रेल्वेत असलेले शेजारी, असे दोन पंच झाले. दोघंही सगळा वेळ आत राहिले.

आणि तार सापडली, अण्णा. फरशीखाली पुरलेली होती. त्या घरच्या माणसाने चोरलीच होती. त्याला नेलं. आळीतले लोक माझ्याकडे वळले. एक जण म्हणाला, "काय वकीलसाहेब, एवढा कायदा सांगितला, शेवटी माणूस गेलाच की." सुतारकाका म्हणाले, "कोर्टात सांगायला मला बोलावलं तर मी खरं सांगणार हां. तार माझ्या डोळ्यांदेखत निघाली."

मी म्हणालो, खरंच सांगा. तार होती, तर सांगा.

त्या घरात एक पोटुशी सून होती. दिवस भरत आलेले. झडती सुरू होण्याआधी, वॉरंट वाचून झालं तेव्हा, फौजदार ओट्याखाली उभा होता, शिपाई त्याच्या मागं. ती हळूहळू बाहेर आली, शेजारच्या ओट्यावर टेकली, तिला कुणीतरी पाणी दिलं. ती नीट बसेपर्यंत कुणी आत पाऊल टाकलं नाही.